परीक्षा पुतणीची, धडा माझा



आमचं गोरेगाव म्हणजे हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. मुंबईचं नव्हे बरं का! इथं फाल्गुनात शेताशेतांतून हळद शिजते आणि घराघरांतून परीक्षेची मुलं. यंदा आमच्या घरात तर दोन परीक्षा. लेक ‘नीट’ला बसणार, आणि तिकडं अमेरिकेत थोरल्या जाऊबाईंची मुलगी तिथल्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला, ‘एमकॅट’ला.

या पुतणीचा रविवारी सकाळी फोन येतो. “काकू, तू नुसतं ऐक. तुला समजलं तर मला समजलं!” मी कणिक मळता मळता ऐकते. तिच्या परीक्षेत 2015 पासून मन आणि समाज यांवर एक वेगळा भाग असतो. 95 मिनिटांत 59 प्रश्न, त्यांतले निम्म्याहून जास्त मानसशास्त्राचे. आपल्या ‘नीट’मध्ये हा विषयच नाही.

मी म्हटलं, “अगं, डॉक्टरला मन कशाला? नाडी बघावी, औषध द्यावं.”

ती म्हणाली, “आजी ब्लडप्रेशरची गोळी रोज घेते का?”

मी गप्प! सासूबाईंचं ठरलेलं, “आता डोकं दुखत नाही, मग गोळी कामून खाऊ?” वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा जाणवतच नाही, म्हणून माणूस औषध सोडतं. ते का सोडतं हे ओळखणं, हेही डॉक्टरचंच काम की!

मागच्या रविवारी तिनं ‘नकारात्मक प्रबलन’ काढलं. “नावावरून शिक्षा वाटते ना? तिथंच पुष्कळ मुलं फसतात. शिक्षेनं वागणं कमी होतं, प्रबलनानं वाढतं. बाळ रडलं की आपण उचलतो, रडं थांबतं. पुढच्या वेळी आपण आणखी लवकर उचलतो. का? तर कटकट थांबते म्हणून.”

मी हसले. तेवढ्यात आतल्या खोलीतून लेक म्हणाली, “आई, माझंही तसंच आहे. तू दाराशी आलीस की मी पुस्तक उघडते. मग तुझं बोलणं थांबतं. वाचत काहीच नसते. तुझ्या चपलांचा आवाज आला तरी पोटात गोळा येतो.”

हातातली कणिक तशीच राहिली. वर्षभर मला वाटत होतं, मी बोलते म्हणून पोर अभ्यास करते. मी तिला फक्त पुस्तक उघडायला शिकवलं होतं.

त्या दिवसापासून दाराशी जाऊन “झालं का?” विचारणं बंद केलं. त्याऐवजी रात्री जेवण झालं की वीस मिनिटं तिनं मला शिकवायचं. मला भौतिकशास्त्र कळत नाही, पण ती कुठं अडखळते ते कळतं!

दुसरी युक्ती पुतणीची. तेच तेच वाचलं की ओळखीचं वाटतं, पण पेपरात आठवत नाही. पुस्तक मिटून आठवावं लागतं, आणि तेही दिवसांचं अंतर ठेवून. एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकानं स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये दाखवलं, की पाठ केलेलं बरंचसं आपण पहिल्या काही तासांतच विसरतो. म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या केल्या. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. तीन रिकामे डबे घेतले: एक रोजचा, एक तीन दिवसांनी उघडायचा, एक आठवड्याचा. उत्तर आलं तर चिठ्ठी पुढच्या डब्यात, चुकलं तर परत पहिल्यात. खर्च शून्य!

आणि झोप मोडायची नाही. वाचलेलं झोपेत पक्कं होतं. साडेदहाला दिवा बंद.

एक मात्र मनापासून सांगते. मूल जेवेनासं झालं, रात्र रात्र जागू लागलं, “मी तुम्हाला ओझं आहे” असं बोललं, तर “नाटकं करू नकोस” म्हणू नका. जवळ बसा, ऐका, डॉक्टरांकडे न्या. ‘टेली मानस’चा 14416 हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

हिंगोलीला 2024 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तिथं 100 जागा. ‘नीट’ला 2025 साली देशभरातून 22 लाखांहून जास्त मुलं बसली. जागा मिळेल, न मिळेल. लेक मात्र आपल्याला पुन्हा मिळायची नाही.

परवा तिनं आपणहून हाक मारली, “आई, ये ना, आज तुला हृदय शिकवते.” पोळ्या तशाच ठेवून गेले.

आणि हो, डॉक्टरांना विचारून सासूबाईंची गोळी आता सकाळच्या चहाच्या बशीतच ठेवते. चहा काही त्या विसरत नाहीत!