विलगीकरण आणि विटाळ



२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांनी विमानतळांवर, वकिलातींच्या दारांत आणि दूरध्वनीच्या या टोकाला बसून जे भोगले, त्याविषयी आपल्या बैठकांतून अजूनही बोलले जाते. त्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते : “ही नवी अस्पृश्यताच होती.” या वाक्यामागची वेदना मला समजते. परंतु वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून, आणि ज्या समाजाने खरी अस्पृश्यता पिढ्यान्‌पिढ्या भोगली त्या समाजाचा एक घटक म्हणून, मला ते सरसकट मान्य नाही. “साथ होती, सरकारांनी केले ते योग्यच केले” असे म्हणून हात झटकणाऱ्यांचे म्हणणे तर मला मुळीच मान्य नाही. दोन्ही पक्ष एकच गोष्ट विसरतात. विलगीकरण आणि विटाळ यांत फरक आहे, आणि तो मोजता येतो.

संसर्गजन्य रुग्णाच्या खोलीच्या दारावर आम्ही डॉक्टर पाटी लावतो. रोग कोणता, तो कशातून पसरतो, किती दिवस पसरू शकतो, हे ठरवूनच ती लागते. मुदत संपली किंवा तपासणी निर्दोष आली, की ती उतरते. आणि मुख्य म्हणजे त्या दारातून परिचारिका आत जाते, औषध आत जाते, जेवणाचे ताट आत जाते. विटाळाला कारण नसते, मुदत नसते आणि तपासणीही नसते. विटाळ मानणारा आत जातच नाही. १८९७ साली पुण्याच्या प्लेगमध्ये क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले रोग्यांना डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवीत होत्या आणि १० मार्च रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. रोग्याला वेगळे ठेवणे आणि रोग्याला टाकून देणे यांतले अंतर त्यांनी स्वतःच्या देहाने दाखवून दिले. म्हणूनच २०२० साली काही सनातनी मंडळींनी “आमच्या पूर्वजांचे सोवळे-ओवळे हेच शास्त्र होते” अशी टिमकी वाजवायला सुरुवात केली, तेव्हा संताप आला. महाडच्या चवदार तळ्याचे १९२७ साली ज्यांनी गोमूत्राने शुद्धीकरण केले, त्यांना त्या पाण्यात कोणता जंतू सापडला होता?

आपल्या समाजाने शास्त्रीय निर्बंध नाकारले नाहीत, हेही येथे नोंदवले पाहिजे. २०२० सालची १४ एप्रिलची जयंती आपण घरात साजरी केली. त्या वर्षी दीक्षाभूमीवरचा सोहळा झाला नाही, आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लोटणारा जनसागर घरीच थांबला. कोणी त्याला अस्पृश्यता म्हटले नाही. कारण उघड होते, मुदत होती, आणि नियम सर्वांना सारखा होता.

आता या कसोटीवर अमेरिकेचा एक नियम घासून पाहू. भारतात दुसरी लाट भडकली असताना, ३० एप्रिल २०२१ रोजी अध्यक्ष बायडन यांनी एक घोषणापत्र काढले. ४ मे पासून, मागील चौदा दिवसांत भारतात राहिलेल्या बिगर-स्थलांतरित परकीयांना अमेरिकेत प्रवेश बंद झाला. नागरिक मात्र मोकळे. ग्रीन कार्डधारक मोकळे. त्यांचे पती-पत्नी मोकळे. अडला तो एच-१बी व्हिसावर दहा-दहा वर्षे येथे राबणारा, कर भरणारा आणि आईबापाच्या आजारपणासाठी नागपूर किंवा औरंगाबाद गाठलेला माणूस. एकाच घरात राहिलेले, एकाच रुग्णाची सेवा केलेले दोन भाऊ. एकाजवळ ग्रीन कार्ड म्हणून तो विमानात बसतो, दुसऱ्याजवळ व्हिसा म्हणून तो मागे राहतो. विषाणू माणसाच्या खिशातली कागदपत्रे वाचतो काय?

त्या घोषणापत्रात लसीचा प्रश्नच विचारलेला नव्हता. दोन्ही मात्रा घेतलेला व्हिसाधारक अडत होता आणि एकही मात्रा न घेतलेला ग्रीन कार्डधारक येत होता. आणखी एक सवलत पाहा. ज्यांचे एकवीस वर्षांखालील अविवाहित मूल अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे, त्या आईबापांना बंदी नव्हती. मूल न्यू जर्सीत जन्मले असेल तर बाप निर्धोक, आणि तेच मूल पुण्यात जन्मून आईबापांबरोबर व्हिसावर आले असेल तर बाप धोकादायक! बापाचा संसर्ग मुलाच्या जन्मस्थानावरून ठरवण्याचे हे शास्त्र कोणत्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतात, हे मला ठाऊक नाही. जन्मावरून मनुष्याचे स्थान ठरवण्याचे शास्त्र मात्र आपल्या परिचयाचे आहे. शिवाय सवलतीत बसणाऱ्याच्याही पारपत्रातला व्हिसा संपलेला असेल तर तो नवा करून घेण्याचे मार्ग जवळजवळ बंद होते, कारण भारतातल्या अमेरिकन वकिलातींनी नेहमीची व्हिसाची कामे थांबवली होती. सवलत कागदावर होती आणि माणूस खोळंबलेला होता.

यावर उत्तर दिले जाते, की नागरिकाला स्वदेशी येण्यापासून रोखता येत नाही, म्हणून भेद अटळ होता. हे खोटे आहे. प्रवासापूर्वी तीन दिवसांच्या आतली चाचणी २६ जानेवारी २०२१ पासून हवाई मार्गाने येणाऱ्या सर्वांना, नागरिकांनासुद्धा, लागू होतीच. त्याच मार्गाने पुढे जाऊन सर्वांना सारखी चाचणी आणि सारखे विलगीकरण सांगता आले असते. ते कष्टाचे आणि नागरिकांना न रुचणारे होते, म्हणून ज्याला मत नाही त्याच्यावर बंदी घालण्यात आली. तीही भोकाची. चौदा दिवस तिसऱ्या देशात काढले की दार उघडत होते. ज्याच्याजवळ पैसा होता त्याने मेक्सिकोत पंधरवडा काढला आणि आला. ज्याच्याजवळ नव्हता तो भारतातूनच रात्री जागून अमेरिकेची नोकरी करीत राहिला, किंवा नोकरीला मुकला. इकडे तो विषाणूचा प्रकार तर बंदीपूर्वीच, एप्रिलमध्येच कॅलिफोर्नियात आढळला होता आणि जुलैमध्ये डेल्टा या नावाने देशभर प्रबळ झाला. बंदी मात्र ८ नोव्हेंबर २०२१ पर्यंत चालू राहिली.

निष्पक्षपणे हेही सांगितले पाहिजे, की त्या घोषणापत्रात वंशाचा उल्लेख नव्हता. भारतातून येणारा ब्रिटिश प्रवासीही अडत होता. परंतु याच महिन्याच्या शेवटी काय घडले? दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉनचा शोध प्रामाणिकपणे जगाला कळवला आणि २९ नोव्हेंबरपासून अमेरिकेने आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडील आठ देशांवर बंदी घातली. त्या आठांतल्या काहींत तोवर एकही रुग्ण सापडलेला नव्हता. पुढे नेदरलँड्सने सांगितले, की त्यांच्याकडे १९ नोव्हेंबरच्या नमुन्यातही हाच प्रकार होता. युरोपवर बंदी आली का? नाही. मग प्रश्न जंतूचा होता की भूगोलाचा? खरे बोलणाऱ्याला शिक्षा झाली, एवढे मात्र निश्चित. ३१ डिसेंबरला ती बंदी उठवावी लागली.

हा रोग अमेरिकेला नवा नाही. मुंबईत थैमान घालणाऱ्या प्लेगची जागतिक साथ १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली. तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी चिनी आणि जपानी लोकांवर अट घातली, की हाफकिनची लस टोचून घेतल्याशिवाय त्यांनी शहर सोडू नये. ही लस डॉ. हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली होती. वाँग वाय नावाच्या गृहस्थाने न्यायालयात दाद मागितली आणि मे महिन्यात न्यायमूर्ती मॉरो यांनी ती अट रद्द केली, कारण त्या वंशाच्या लोकांना प्लेग अधिक होतो याला काहीही आधार दाखवलेला नव्हता. पाठोपाठ चायनाटाउनभोवती वेढा पडला. रेषा अशी काढली होती, की गोऱ्यांची घरे नेमकी बाहेर राहावीत. ज्यू हो या किराणा दुकानदाराने तिला आव्हान दिले. जूनमध्ये तोही वेढा उठला. आजारी आणि धडधाकट यांना एकत्र कोंडल्याने रोग कमी न होता वाढतो, हे त्या न्यायाधीशाला कळले होते. एकशे एकवीस वर्षांनी राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागारांना ते कळू नये!

आणि आपली मायभूमी? तिचाही हिशोब मांडला पाहिजे. १३ मार्च २०२० पासून भारत सरकारने ओसीआय कार्डधारकांची व्हिसाशिवाय येण्याची सोय स्थगित केली. ‘आजीवन’ म्हणून दिलेले ते कार्ड एका रात्रीत निकामी झाले, आणि आईच्या अंत्यदर्शनासाठीही वकिलातीकडे अर्ज करण्याची पाळी आली. २२ मे रोजी काहींना सूट मिळाली. तोपर्यंत ज्यांची आई गेली, त्यांनी अंत्यसंस्कार पाहिला असेल तर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. तरीही आपले दुःख मोजताना एक तारीख डोळ्यांआड करू नये. ७ मे २०२० रोजी ‘वंदे भारत’ची पहिली विमाने तिकिटाचे पैसे मोजणाऱ्या अनिवासी भारतीयांना घेऊन उतरली. दुसऱ्याच दिवशी पहाटे करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याहून ते मध्य प्रदेशातल्या आपल्या घरांकडे पायी निघाले होते. प्रवासबंदी सर्वांना होती असे कोणी म्हणाले, तर त्याला ही दोन दृश्ये शेजारी शेजारी ठेवून दाखवावीत.

याला आवर घालणारा कायदा नाही असे नाही. २००५ चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम प्रवाशाची प्रतिष्ठा आणि मानवी हक्क राखण्यास सांगतात, उपाय भेदभावरहित असावेत म्हणतात, आणि कमी जाचक उपाय उपलब्ध असता अधिक जाचक उपाय योजू नये असेही बजावतात. ते मोडणाऱ्याला शिक्षा मात्र नाही. त्यात सुधारणा झाल्या, तर जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने त्या फेटाळल्या. जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय तर त्याच वर्षी जानेवारीत झाला होता. याचा अर्थ असा, की पुढच्या साथीत येथे प्रवेशाचा नियम लिहिणारा लेखक अधिकच मोकळा असेल.

म्हणून आपल्या संघटनेने आतापासूनच आपल्या लोकप्रतिनिधींना निवेदन द्यावे, असे माझे आग्रही म्हणणे आहे. साथीच्या काळात प्रवेशाची अट प्रवाशाच्या तपासणीवर, लसीवर आणि संपर्कावर ठरावी, व्हिसाच्या वर्गावर नव्हे. प्रत्येक बंदीला लिखित कारण आणि तीस दिवसांची मुदत असावी, आणि ती वाढवायची तर पुन्हा कारण द्यावे. मृत्यू व गंभीर आजार यांसाठी दोन्ही देशांनी वेगळी, जलद वाट ठेवावी. मसुदा तयार करून मी कार्यकारिणीकडे दिला आहे. ज्या कुटुंबांजवळ त्या दोन वर्षांतील रद्द झालेली तिकिटे, वकिलातीची नकारपत्रे, फेटाळलेले अर्ज असतील, त्यांनी त्यांच्या प्रती तारखांसह चिटणिसांकडे द्याव्यात. निवेदनाला त्या जोडायच्या आहेत.