बाहेरच्या खोलीपुरता आवाज

बोनसचे पैसे हाती आले की घरातली मुले होम थिएटरचा हट्ट धरतात. बाहेरची खोली दहा बाय बाराची. पाच स्पीकरांपैकी मागचे दोन ठेवायचे कुठे, पलंगावर? आम्ही म्हणतो, अशा घराला साऊंडबार किंवा दोन स्पीकर-एक वूफरचा संच पुरे. खोक्यावरचा हजारो वॅटचा ‘पीएमपीओ’ आकडा निव्वळ भूलथाप; ‘आरएमएस’ किती, ते विचारा. आपल्या टीव्हीला ‘एचडीएमआय एआरसी’ पोर्ट आहे का, हे घरूनच पाहून निघा. दुकानात गाणे नको, बातम्या लावायला सांगा. बोलणे स्पष्ट ऐकू आले पाहिजे. वूफर कोपऱ्यात ठेवू नका, धमधम वाढते. आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची मुलगी दहावीच्या अभ्यासाला बसलेली असते.