आधी कारण शोधा, मग स्क्रू बसवा

परवा एका व्याख्यानात आमच्याच व्यवसायातल्या एका ज्येष्ठांनी तरुण डेंटिस्टांना मंत्र दिला: इम्प्लांट फेल गेलं तर त्याचा बाऊ करू नका. बल्ब उडाला की बदलतो, तसं जुनं काढा, थोडं जाड घ्या आणि त्याच बैठकीत बसवा. त्यांचं बाकीचं म्हणणं असं, की १०० पैकी ९५ इम्प्लांट्स १० वर्षं टिकतात, मग उरलेल्यांची चर्चा कशाला. जी जातात ती पेशंटच्या हलगर्जीपणानं जातात. आणि थांबलं तर हाड झिजतं, पेशंटही दुसरीकडे जातो. यातलं शेवटचं कारण तेवढं खरं आहे. बाकीची त्याच्यासाठी पुढे केलेली आहेत.

९५ चा आकडा आधी घेऊ. तो जबड्यात शिल्लक असलेल्या इम्प्लांट्सचा आहे. हिरडीतून पू येतोय, निम्मं हाड गेलंय, तरी इम्प्लांट जागेवर असेल तर ते टिकलं म्हणूनच मोजलं जातं.

आता तो बल्ब. बल्ब गेला म्हणून होल्डर खराब होत नाही. इथे होल्डर म्हणजे जिवंत हाड, आणि इम्प्लांट जातं तेव्हा बहुतेकदा तेच गेलेलं असतं. सुरुवातीच्या काही महिन्यांत फेल गेलेलं इम्प्लांट हाडाशी सांधलेलंच नसतं. ते हलतं आणि सहज निघतं. पण ते का सांधलं नाही? ड्रिल करताना पाणी कमी पडलं आणि हाड तापलं? ४७ अंश सेल्सिअसची उष्णता मिनिटभर मिळाली तरी हाडाला इजा होते. की साखर आटोक्यात नव्हती? की कॅपचा भार फार लवकर दिला? या प्रश्नांची उत्तरं न शोधता दुसरं बसवलं, तर तेही त्याच वाटेनं जाणार.

काही वर्षांनंतर फेल जाणारं इम्प्लांट याहून कठीण. खऱ्या दाताभोवती तंतूंचं अस्तर असतं, इम्प्लांटभोवती नसतं. जंतूंचा थर आट्यांपर्यंत पोचला की हाड झिजत जातं, पण बऱ्याचदा फारसं दुखत नाही. एक्स-रे काढावा तर भोवती खोलगट खड्डा, आणि तळाचे चार आटे मात्र हाडात घट्ट. असं इम्प्लांट उलट्या दिशेनं फिरवणाऱ्या रॅचेटनं सुटलं तर नशीब. नाही सुटलं तर ट्रिफाइन, म्हणजे आतून पोकळ, गोल दाते असलेलं कटर, लावावं लागतं. ते इम्प्लांटसोबत भोवतालच्या हाडाचं कडंही घेऊन येतं. खालच्या जबड्यात मागे काम असेल तर जवळच नस असते. तिला धक्का लागला की ओठ बधिर होतो. वर सायनस असतं. अशा सुजलेल्या, पू झालेल्या, भिंत ढासळलेल्या खड्ड्यात त्याच दिवशी आणखी जाड स्क्रू पिळायचा, हा सल्ला तरुणांना द्यायचा? चारही बाजूंचं हाड शाबूत असेल, पू नसेल आणि कारण कळलेलं असेल, तर निवडक पेशंटमध्ये त्याच दिवशी बसवता येतं. व्याख्यानात या तीन अटींपैकी एकही आली नाही.

शिवाय दाखला कुणाचा, तर आधुनिक इम्प्लांटचे जनक ब्रोनेमार्क यांचा. स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये १९६५ साली त्यांनी पहिल्या पेशंटला बसवलेली इम्प्लांट्स २००६ मध्ये तो वारला तोपर्यंत कामात होती, हे खरं आहे. पण त्याच ब्रोनेमार्क यांची मूळ पद्धत खालच्या जबड्यात सुमारे तीन आणि वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने इम्प्लांट हिरडीखाली झाकून ठेवण्याची होती. इम्प्लांटचे पृष्ठभाग सुधारल्यानं ही मुदत आज कमी झाली आहे. तरी ४० वर्षांचं यश सांगायचं आणि त्यामागचा धीर गाळायचा, हे अर्धसत्य आहे.

पेशंटच्या हलगर्जीपणाबद्दल. मी काढलेल्या एका इम्प्लांटच्या कॅपखाली सिमेंटचा पिवळट, खरखरीत पापुद्रा हिरडीत रुतून बसला होता. त्या बाईंना ब्रश नीट करत नाही म्हणून बोल लावले गेले होते. जादा सिमेंट मात्र कॅप बसवणाऱ्यानं काढलं नव्हतं. तंबाखू आणि मशेरीनं इम्प्लांट्स जातात, हे मी रोज बघतो. पण मशेरीचे डाग ऑपरेशननंतर उमटत नाहीत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो तोंडात दिसतो, आणि पहिलं इम्प्लांट बसवण्यापूर्वीही दिसत होता. तेव्हा पैसे घेतले, मग आता दोष देता?

जुना वाद इथे पुन्हा काढतो, कारण मुळाशी तोच आहे. रूट कॅनाल करून किंवा हिरडीचे उपचार करून वाचणारा दात 'इम्प्लांट पक्कं' म्हणून उपटायचा, ही सवय आपल्याला लागली. पायोरियानं दात गेलेल्या तोंडात पायोरिया न आवरता इम्प्लांट बसवलं, तर त्यालाही धोका राहणारच. हे आम्ही वर्षानुवर्षं सांगतो आणि मागासलेले ठरतो.

मग करायचं काय? इम्प्लांट काढायचं ते हाड जपून. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढून हाडाच्या भिंती बघायच्या. जंतुसंसर्ग संपवायचा, गरज असेल तर बोन ग्राफ्ट घालायचं आणि तीन ते सहा महिने थांबायचं. पेशंटला इम्प्लांटची कंपनी, माप आणि लॉट नंबर लिहिलेलं कार्ड पहिल्याच दिवशी द्यायचं, म्हणजे पुढच्या डॉक्टरला योग्य हत्यार सापडेल. ब्रिज किंवा काढता येणारी कवळी हेही सन्मानाचे पर्याय आहेत, हे स्पष्ट सांगायचं. दुसऱ्या खेपेला यशाचं प्रमाण पहिल्यापेक्षा कमी असतं, म्हणून ती खेप घाईत उधळायची नसते.

आणि पेशंटांना एवढंच सांगणं: पहिलं का गेलं, असं विचारा. नीट उत्तर मिळालं नाही, तर त्या खुर्चीवर दुसरं बसवून घेऊ नका.