वाचनालयात खेळांचेही कपाट हवे

व्हिडिओ गेम म्हटले की आईबापांच्या कपाळाला आठ्या पडतात. भीती खोटी नाही. मोबाईलवर पैसे लावायच्या खेळांनी कितीतरी पगार गिळले. म्हणूनच केंद्राने २०२५ साली अशा ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आणली. पण सगळेच गेम म्हणजे जुगार नव्हे. काहींत कोडी सोडवावी लागतात, काहींत अख्खे शहर उभारावे लागते.

अमेरिकेत अनेक सार्वजनिक वाचनालये पुस्तकांबरोबर गेमही देतात. आपल्या नाशकात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे. एकट्याला न परवडणारे पुस्तक सर्वांना वाचायला मिळावे, हाच वाचनालयाचा पाया. गेमचा हिशेबही तोच. पाच हजारांचा गेम शंभर मुले खेळली, तर मुलामागे पन्नास रुपये! खेळायचे यंत्र वाचनालयातच ठेवावे, म्हणजे ज्यांच्या घरी ते नाही तीही मुले खेळतील, आणि डोळ्यांसमोर राहतील.

निवड मात्र पारखून व्हावी. पुष्कळ गेमच्या वेष्टनावर ३, ७, १२, १६, १८ असा वयाचा आकडा छापलेला असतो. तो आधी पाहावा. निवडीत मातांना आणि मुलांनाही विचारावे.

तेव्हा जवळच्या वाचनालयाकडे लेखी मागणी करा. मागितल्याशिवाय कपाट भरत नाही.