डॉलरचे रुपये आणि संसाराचा हिशेब

आमच्या शेजारी राहणारे एक निवृत्त शिक्षक अमेरिकेत नोकरीला असलेल्या मुलाचा पगार मोठ्या अभिमानाने सांगत असतात. महिना पाच हजार डॉलर! लगेच ते त्याचे रुपये करतात, आणि चार लाखांहून मोठा आकडा ऐकून ऐकणारे थक्क होतात. परवा मात्र ते चिंतेत दिसले. म्हणाले, "एवढे मिळवूनही महिनाअखेर हाती फारसे उरत नाही, असे पोरगा म्हणतो. धाकट्यालाही तिकडे शिकावयास पाठवायचे, तर घर गहाण टाकावे लागेल. तुम्हीच हिशेब मांडून सांगा."

वाचकहो, हा प्रश्न आपणांपैकी अनेक कुटुंबांचा आहे. तेव्हा तो हिशेब आज मांडून पाहू.

२०२३ साली अमेरिकेचे दरडोई उत्पन्न सुमारे ८२ हजार डॉलर, तर भारताचे सुमारे अडीच हजार डॉलर होते. म्हणजे तेथील माणूस आपल्या तेहतीसपट सुखात राहतो काय? तसे नव्हे. विनिमयाच्या दराने चलन बदलते, बाजारातील भाव बदलत नाहीत. शिकागोतील न्हावी आणि नागपुरातील न्हावी केस सारख्याच कौशल्याने कापतात. पण तेथील मजुरी भारी असल्याने त्याच कामाचे दाम तेथे कितीतरी पटींनी पडतात. घरभाडे, दुरुस्ती, मुलांचा सांभाळ, ह्या सर्वांची हीच गोष्ट. म्हणून १९६८ पासून संयुक्त राष्ट्रसंघ व पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ ह्यांच्या पुढाकाराने देशोदेशींचे भाव ताडून पैशाची खरी क्रयशक्ती मोजण्याचे काम सुरू झाले. त्या मापाने भारताचे दरडोई उत्पन्न सुमारे १० हजार डॉलर भरते. तेहतीसपट अंतर आठपटीवर येते. आठपट हेही अंतर थोडे नव्हे. पण ते खरे अंतर आहे.

पैशाचा आकडा घराच्या गरजेशी ताडून पाहण्याची दृष्टी आपल्याला नवी नाही. १८६७ ते १८७० ह्या काळात हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी २० रुपये भरते, असे दादाभाई नौरोजींनी दाखविले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर किती खर्च होतो, तेही त्यांनी त्याच्या शेजारी मांडले. मोकळ्या माणसाच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही, हे मग निराळे सांगावे लागले नाही.

राहणीमान मोजण्याचे याहून साधे मापही आहे : जन्मलेले मूल पहिला वाढदिवस पाहते काय? २०२० साली भारतात दर हजार जन्मांमागे २८ अर्भके दगावली; अमेरिकेत पाचांहून थोडी अधिक. परंतु त्याच वर्षी केरळात हा आकडा सहा होता. केरळची मिळकत अमेरिकेच्या पासंगालाही पुरणार नाही. तरी तेथील बाळ जवळजवळ तितकेच सुरक्षित आहे. लिहितावाचता येणारी आई आणि गावाजवळचा दवाखाना ह्यांनी हे साधले. श्रीमंती आल्यावर आरोग्य आपोआप येईल म्हणून वाट पाहावी लागत नाही, हा त्यातील धडा होय.

तिकडे सारेच आलबेल आहे, असेही नाही. बाळंतपणासाठी पगारी रजा देण्याची सक्ती करणारा देशव्यापी कायदा अमेरिकेत नाही. १९९३ च्या कायद्याने मिळते ती बारा आठवड्यांची रजा बिनपगारी असते. आपल्याकडे २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे. मात्र शेतात वा परघरी राबणाऱ्या बहुसंख्य भगिनींपर्यंत ती पोहोचत नाही. कायदा पुस्तकात असणे आणि त्याचा लाभ घरात येणे, ह्यांतही अंतर असतेच.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळू. मुलगा तिकडे जे खर्च करतो, त्याचे रुपये करू नयेत; तेथील भावानेच त्याची किंमत ठरते. मात्र जे शिल्लक टाकून तो इकडे पाठवतो, त्याचे खुशाल रुपये करावेत, कारण ते येथेच खर्च व्हावयाचे. घरावरील कर्ज फिटेल ते ह्या शिलकीतून, पगारातून नव्हे. थोरला दरमहा खरोखर किती वाचवतो, आणि धाकट्याला नोकरी लागण्यास वर्ष-दोन वर्षे उशीर झाला तर हप्ते कोण भरणार, हे दोन आकडे आधी कागदावर मांडावेत.

गुरुजींनी त्याच रात्री थोरल्याला फोन केला; पगार किती असे न विचारता, महिन्याला उरते किती, असे विचारले. घराच्या कागदपत्रांची पिशवी तूर्त कपाटातच आहे. आपल्याही घरी असा बेत चालू असेल, तर पहिला प्रश्न तोच विचारावा.