लघवीची घाई आणि आपली घाई

‘लघवीला लागली की आवरत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बाईंच्या पिशवीत बहुधा आधीच्या दोन-तीन चिठ्ठ्या असतात आणि प्रत्येक चिठ्ठीवर अँटिबायोटिक असते. कल्चर मात्र एकदाही झालेले नसते. जळजळ नाही, ताप नाही, तरी उन्हाळी समजून कोर्स दिला जातो. गुण आला नाही की गोळी बदलते. फॅमिली डॉक्टरांनी ही सवय मोडायलाच हवी.

मूत्राशयात साधारण १५० ते २०० मिली लघवी साठली की पहिली जाणीव होते. निरोगी प्रौढ माणूस ४०० मिलीपर्यंत सहज धरतो. हळूहळू वाढणारी ही जाणीव वेगळी आणि एकाएकी उसळणारी, थोपवता न येणारी घाई वेगळी. दाराला किल्ली लावताना किंवा नळाचा आवाज ऐकताच लघवी सुटते, तेव्हा बहुतेकदा मूत्राशयाचा स्नायू भरण्याच्या काळातच आकुंचन पावत असतो. त्यावर अँटिबायोटिक काय करणार?

अशा रुग्णाला मापाचा पेला आणि साधी वही द्या. ३ दिवस वेळ, मिली, घाई झाली का आणि काय प्यायले, एवढेच लिहायचे. समजा वहीत दिसले : सकाळी ७ वाजता ३५०, मग चहा, ८ वाजता ९०, पावणेनऊला ७०, बस पकडण्याआधी ४०. पहिला आकडा सांगतो की मूत्राशयाची क्षमता शाबूत आहे. पुढच्या आकड्यांत चहा आहे, आणि वाटेत सोय नसल्याची धास्तीही आहे. २४ तासांची बेरीज ३ लिटरवर गेली तर आधी साखर बघा. आजोबांची एक तृतीयांशाहून जास्त लघवी रात्रीच होत असेल तर पायांची सूज, हृदय आणि डाययुरेटिकची वेळ तपासा.

लघवीतून रक्त गेले तर थांबू नका, युरॉलॉजिस्टकडे पाठवा. पस सेल्स आहेत पण कल्चर वारंवार निगेटिव्ह येते, तिथे क्षयरोगाची आठवण ठेवा. वयस्कर पुरुषात लघवीनंतर किती उरते, हे सोनोग्राफीत पाहिल्याशिवाय औषध सुरू करू नका.

बाकीच्यांना शिकवायचे ते हे : घाई आली की पळायचे नाही. जागीच थांबून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पाच-सहा वेळा आवळायचे, लाट ओसरली की चालत जायचे. दोन वेळांमधले अंतर हळूहळू वाढवायचे. याला किमान ६ आठवडे द्यावे लागतात, हे पहिल्याच भेटीत सांगा. बद्धकोष्ठ असेल तर तेही सोडवा. ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्या नंतर. वृद्धांत त्यांनी गोंधळलेपणा येतो, मिराबेग्रॉन देताना रक्तदाब पाहावा लागतो.

बायका हे दुखणे आपणहून सांगत नाहीत. प्रवासात पाणी प्यायचे सोडतात, लग्नकार्याला जायचे टाळतात. म्हणून बीपी तपासायला आलेल्या पन्नाशीच्या बाईंना आपणच विचारा : ‘घरी पोचेपर्यंत लघवी धरता येते ना?’