तीन वादक आणि शंभर खुर्च्या

रायगडच्या किनाऱ्यावर सॅक्सोफोन कोणाला अपरिचित असेल असे मला वाटत नाही. कोळीवाड्यातली हळद असो की आगरी कुटुंबातली वरात, बँडच्या पुढच्या रांगेत ते वाकड्या मानेचे पितळी वाद्य चमकताना आपण लहानपणापासून पाहिले आहे. तरीही ते आपण कधी धड ऐकलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ढोल, झांजा, फटाके आणि कर्णे यांच्या गदारोळात ऐकणार तरी काय?

जॅझ संगीतात एक प्रकार आहे. सॅक्सोफोन, भलामोठा बास आणि ड्रम, बस्स एवढीच तीन वाद्ये. पियानो नाही, गिटार नाही. स्वरसंगतीचा आधार देणारे वाद्यच काढून टाकल्यामुळे सॅक्सोफोनवाल्याला लपायला जागा उरत नाही. बास खालून रचनेची वाट दाखवीत चालतो, ड्रम लय सांभाळता सांभाळता मध्येच प्रश्न विचारतो, आणि सॅक्सोफोन ऐन वेळी सुचेल ते उत्तर देतो. आपल्याकडे गायक चीज मांडून विस्ताराला निघतो आणि प्रत्येक आवर्तनात समेवर परततो. येथेही आधी मूळ धून वाजते, मग बारा किंवा बत्तीस मात्रागटांचा तोच साचा फिरत राहतो आणि वादक त्यात दर वेळी नवे काही भरतो. ज्याने गावच्या देवळात रात्रभर भजन ऐकले आहे, त्याला हा खेळ परका वाटू नये.

या त्रयीला मान मिळवून दिला तो सनी रोलिन्स या अमेरिकन वादकाने. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’मध्ये त्याने दुपारी एका आणि रात्री दुसऱ्या साथीदारांसह वादन केले. त्याची ध्वनिमुद्रिका आजही अभ्यासली जाते. ही जागा म्हणजे एक तळघर. त्यात जेमतेम सव्वाशे माणसे मावतात. जगातले एवढे नावाजलेले संगीत आपल्या महाविद्यालयाच्या सभागृहाहूनही लहान जागेत घडले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हा रोलिन्स आपल्याला अगदीच दूरचा नव्हे. साठच्या दशकाच्या अखेरीस तो वादन थांबवून पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिला होता. पुढे १९७८ साली मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली, तिच्यातही तो वाजवून गेला. गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस यांनी तर रागांचे स्वर घेऊन सॅक्सोफोनवर जॅझ वाजविले. पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त जो ठेका आणला, त्यामागे चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रंपेटवादकाची साथ होती. आपल्या वाडवडिलांनी ज्या गाण्यांवर ताल धरला, त्यांत जॅझ आधीच मिसळलेला होता.

कोणी म्हणतील, ही बंगलेवाल्यांची चैन. शनिवार-रविवारी मांडव्याला उतरणाऱ्या पाहुण्यांनी खुशाल ऐकावी, आमचा काय संबंध? मला हा आक्षेप पटत नाही. पेटी कोठून आली? व्हायोलिन कोठून आले? ती परदेशी म्हणून संगीत नाटकाने दाराबाहेर ठेवली नाहीत. सॅक्सोफोन बेल्जियमच्या आडॉल्फ सॅक्सने घडविला, १८४६ मध्ये पॅरिसला त्याचे पेटंट घेतले, हे खरे. पण अंग पितळेचे असले तरी हे वाद्य बोलते ते बोरूच्या पातळ रीडवर. सनईला दुहेरी जिभळी, याला एकेरी, एवढाच फरक!

खरी अडचण जागेची आहे. आपल्याकडे मैदाने आहेत, मांडव आहेत, रिसॉर्टची हिरवळ आहे. शंभर माणसांनी शांत बसून ऐकावे अशी जागा मात्र नाही. मोठ्या जागेचेही काय होते, ते मुंबईच्या रंगभवनाने दाखविले. एके काळी उघड्या आकाशाखाली तेथे जॅझ रंगला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी त्या मैफली बंद पडल्या. लहान खोलीत तीन वादकांना ध्वनिक्षेपक जवळजवळ लागतच नाही.

आमच्या आळीत बँडमध्ये सॅक्सोफोन वाजविणारे एक काका आहेत. गणपतीचे दिवस सोडले तर पावसाळाभर त्यांचे वाद्य पेटीत असते. लग्नसराईतही आता डी.जे.ने निम्मी कामे नेली. कधी संध्याकाळी ते ओटीवर बसून एखादी धून सावकाश वाजवितात, तेव्हा हेच का ते वाद्य, असा प्रश्न पडतो. मी एकदा विचारले, “काका, वरातीत असे का नाही वाजवत?” ते म्हणाले, “बाळा, तिथे फर्माईश वाजवायची असते. मनातलं कोण ऐकतो?” त्यांच्या मुलाने वाद्याला हात लावलेला नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही. ज्या कलेला कोणी ऐकणारा नाही, ती मुलाने का शिकावी?

म्हणून माझी सूचना साधी आहे. महिन्यातून एका शनिवारी आपले सभागृह संध्याकाळी दोन तास उघडावे. शंभर खुर्च्या, वीस रुपये वर्गणी, आणि जमेल ती सारी वादकांना. पूर्वार्धात एखादे भजनी मंडळ, उत्तरार्धात किनाऱ्यावरच्या बँडमधले तिघे : सॅक्सोफोन, ड्रम आणि मोठा बास मिळत नाही म्हणून बास गिटार. अट एकच, फर्माईश करायची नाही. पहिल्या महिन्यात ते अडखळतील, सिनेमाच्या गाण्यांकडे वळतील, वळू देत. मनातले वाजवायची सवय काही एका संध्याकाळी लागत नाही, आणि ऐकायची सवय तर त्याहूनही उशिरा लागते.

सन्माननीय प्राध्यापकांनी आणि विद्यार्थी प्रतिनिधींनी या सूचनेचा विचार करावा. खुर्च्या मांडायला आणि उचलायला मी येईन.